ड्रॉसेराच्या पानांवरचं दव आटलं, आता काय करायचं?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ऑनलाइन मागवलेलं ड्रॉसेरा केपेन्सिस या कीटक खाणाऱ्या झाडाचं रोप. आलं तेव्हा पानापानावर चिकट थेंब चमकत होते. दोन महिन्यांत ते गेले, पानांची टोकं तपकिरी पडली, मधून नवी पानं येतात ती बारीक आणि कोरडी. रोपाची कुंडी काचेच्या झाकणाच्या बरणीत, कुंडीत कोकोपीट, बरणी बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी. पाणी घरच्या आरओचं. आठवड्यातून एकदा मेलेली माशी पानावर ठेवली जाते. रोप उपाशी पडतंय का, खत घालावं का, आणि याने घरातले डास कमी होतात का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. रोप उपाशी नाही. खत अजिबात घालू नका. त्याच्या मुळाशी क्षार साठलेत आणि डोक्यावर पुरेसा उजेड नाही, या दोन्हींनी मिळून दव आटवलंय. एकही कीटक न मिळता केपेन्सिस महिनोन्महिने तग धरतं, फक्त वाढ मंदावते. क्षार आणि अंधार मात्र त्याला एका मोसमात संपवतात.

असं का, ते कासच्या पठारावर चांगलं दिसतं. पावसाळा सरत आला की तिथे जांभ्याच्या कातळावर, जिथे माती जेमतेम बोटभर आहे आणि पाणी सतत झिरपतंय, अशा जागी आपल्याकडचे ड्रॉसेरा उगवतात: लाल चकतीसारखं जमिनीला चिकटलेलं बर्मानी आणि गवताच्या पात्यासारखं उभं इंडिका. लोक त्यांना दवबिंदू म्हणतात. शेजारीच सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा असतो, आणि तीही मांसाहारीच, फक्त तिचे सापळे ओल्या मातीत लपलेले असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तिथल्या मातीत जे काही विरघळण्याजोगं होतं ते धो धो पावसाने केव्हाच वाहून नेलंय. राहिलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम. नत्र, स्फुरद जवळपास नाहीच. म्हणून या वनस्पतींनी नत्र मिळवण्याचं काम मुळांकडून काढून पानांकडे दिलं. केपेन्सिस आपल्याकडचं नव्हे, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं, पण त्याचीही कथा हीच आहे: वालुकाश्म झिजून झालेली निकस, आम्लधर्मी जमीन आणि झिरपतं स्वच्छ पाणी. अशा मुळांना आपण बोअरचं पाणी आणि गांडूळखत दिलं तर ती जळतात.

आता पाण्याकडे येऊ, कारण तुमची गफलत इथेच झाली असावी आणि त्यात तुमचा दोष फारसा नाही. ‘आरओचं पाणी चालतं’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण आपल्या घरात जो आरओ असतो तो पिण्यासाठी असतो. मेंबरेनमधून आलेल्या शुद्ध पाण्याला चव यावी म्हणून त्यात पुढे मिनरल कार्ट्रिज बसवलेली असते, किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) कंट्रोलरमधून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलं जातं. नळातून येतं त्याचा टीडीएस मग ८० ते १५० पर्यंत सहज असतो. माणसाला ठीक, ड्रॉसेराला जड. दोन-तीनशे रुपयांत पेनासारखं टीडीएस मीटर मिळतं, ते आधी घ्या. रोपापेक्षा स्वस्त आहे. ५० च्या आत आकडा हवा. आरओ सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला सांगून मेंबरेननंतर लगेच, कार्ट्रिजच्या आधी, एक छोटी तोटी काढून घेता येते. तिथलं पाणी बहुतेक वेळा १० ते ३० च्या घरात भरतं.

दुसरा पर्याय बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरमध्ये टाकतात ते. मात्र लेबल नीट वाचून घ्या, तिथेच शेजारी ॲसिडचे कॅनही असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही उत्तम, फक्त मोसमातलं पहिलं, धुळकट पाणी सोडून द्यायचं. आणि सगळ्यात छान, पावसाचं. पहिले दोन-चार पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, मग स्वच्छ पिंपात भरून, झाकून, अंधारात ठेवा. एका कुंडीला वर्षभर पुरेल इतकं पाणी गच्चीवर एका सरीत जमतं. उकळलेलं पाणी मात्र नको. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात बहुतेक क्षार जिथल्या तिथेच राहतात. मिनरल वॉटरबद्दल तर बोलायलाच नको.

१०० टीडीएसच्या पाण्याने एका दिवसात काही होत नाही. पण कुंडीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तुम्ही पुन्हा पाणी घालता, पुन्हा तेच. दोन महिन्यांत मुळांभोवतीचं पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारट झालेलं असतं. हे घरी तपासता येतं. कुंडीत वरून ग्लासभर शुद्ध पाणी सावकाश ओता आणि खालून निथळेल ते वाटीत धरून मीटर बुडवा. आकडा २०० च्या वर गेला तर निदान पक्कं समजा. कुंडीच्या काठावर किंवा कोकोपीटवर पांढरट पापुद्रा दिसत असेल तर मीटरचीही गरज नाही.

कोकोपीट हा दुसरा संशयित. नारळाची सोडणं किनाऱ्याकडे, बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे काथ्याच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. दहा वेळा धुऊन त्यात ड्रॉसेरा वाढवणारे लोक आहेत, पण मी नवख्याला तो मार्ग सांगणार नाही. स्फॅग्नम पीट मॉस, म्हणजे दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, घ्या. इथे एक बारीक मेख आहे: आपल्याकडे रोपवाटिकांसाठी जे पीट विकतात त्यात बऱ्याचदा चुना मिसळून सामू (पीएच) साडेपाच-सहापर्यंत आणलेला असतो आणि सुरुवातीचं खतही घातलेलं असतं. मिरचीच्या रोपांसाठी ते उपकारक, आपल्यासाठी विष. पिशवीवर सामू ३.५ ते ४.५ लिहिलेला, चुना आणि खत नसलेला कच्चा माल मागा. तो मिळाला नाही तर ऑर्किडवाल्यांकडे लांब धाग्यांचं सुकं स्फॅग्नम मॉस मिळतं, ते नुसतं वापरलं तरी चालतं. महाग पडतं, पण एका कुंडीला मूठभरच लागतं.

पीटमध्ये तिसरा हिस्सा परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे दाणे) किंवा सिलिका वाळू घाला, दोन्ही धुऊन. सिलिका वाळू म्हणजे पाण्याच्या मोठ्या फिल्टरमध्ये भरतात ती पांढरी वाळू, फिल्टरचं सामान विकणाऱ्याकडे किलोवर मिळते. बांधकामाची वाळू नको, दख्खनच्या काळ्या कातळाची ती वाळू खनिजं सोडत राहते. समुद्राची वाळू तर मीठ आणि शिंपल्यांचा चुना दोन्ही घेऊन येते. कुंडी प्लॅस्टिकची, किमान १० ते १२ सेंटीमीटर खोल, कारण केपेन्सिसची मुळं वाटतात त्यापेक्षा लांब जातात. मातीची कुंडी टाळा. ती स्वतः क्षार धरून ठेवते.

रोप बदलताना घाई नको. सुकं पीट पाण्यावर नुसतं तरंगतं, म्हणून आधी गरम शुद्ध पाण्यात भिजवून कणकेसारखं मळून घ्या आणि पूर्ण गार होऊ द्या. जुन्या कोकोपीटसकट रोप शुद्ध पाण्याच्या वाडग्यात तासभर ठेवा, मग अलगद हलवत मुळं मोकळी करा. मुळं काळी दिसली म्हणून घाबरू नका, केपेन्सिसची मुळं काळीच असतात. कुजलेलं मूळ बोटांत दाबलं की पिचकतं आणि वास मारतं, चांगलं मूळ सुतळीसारखं ताठ लागतं. नव्या पीटमध्ये काडीने भोक पाडून मुळं सरळ सोडा, पानांचा गुच्छ जमिनीच्या पातळीवर राहू द्या. पानांवर पीट उडालं तर ते चिकटून बसतं. दिसायला वाईट, पण अपाय नाही.

यानंतर कुंडी एका पसरट ताटलीत ठेवून ताटलीत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पाणी. खालूनच पाणी, रोज. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून सगळं निथळू द्यायचं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. ताटलीत साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आवतण, हे आपल्याकडे विसरून चालत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. दर तीन-चार दिवसांनी ताटली रिकामी करून आतून घासायची आणि ताजं पाणी भरायचं. नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही, एडिसची, म्हणजे याच डासांची, अंडी कडेला चिकटलेली असतात. पालिकेचा माणूस तपासणीला आला आणि तुमच्या मांसाहारी झाडाच्या ताटलीत अळ्या सापडल्या, तर तो विनोद महागात पडेल.

आता उजेड. टीव्हीशेजारची जागा तुमच्या डोळ्यांना उजळ वाटते कारण डोळे जुळवून घेतात. फोनवर लक्समीटरचं ॲप टाकून बघा, बैठकीच्या खोलीत दुपारीसुद्धा दोन-तीनशे लक्सच्या पुढे आकडा जात नाही. ड्रॉसेराला दहा हजार तरी हवेत. दव म्हणजे पाणी नव्हे, साखरेच्या साखळ्यांपासून झालेला चिकट पदार्थ आहे तो, आणि तो बनवायला झाडाला प्रकाशातून कमावलेली साखर खर्चावी लागते. उत्पन्न नसेल तर पहिला खर्च इथेच कापला जातो. पुरेशा उजेडात केपेन्सिसच्या पानांवरचे केस लालभडक होतात आणि प्रत्येक टोकावर थेंब उभा राहतो. अंधारात तेच केस फिक्कट हिरवे, पानं लांबुळकी आणि लोळलेली.

पूर्वेची खिडकी असेल, सकाळचं तीन-चार तास ऊन येत असेल, तर बॉक्स ग्रिलमध्ये ठेवा आणि विषय संपवा. नसेल तर दिवे. जांभळ्या-गुलाबी ग्रो लाइटची गरज नाही, त्या रंगात झाडाला काय झालंय हेच धड दिसत नाही. घरात लावतो तेच २० वॅटचे पांढरे एलईडी बॅटन, ६५०० केल्विनचे, दोन शेजारी शेजारी, पानांपासून १५ ते २० सेंटीमीटरवर, टायमर लावून रोज १४ तास. खर्चाचा धसका घेऊ नका: ४० वॅट गुणिले १४ तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून जरा जास्त, महिन्याला सतराच्या आसपास. त्यात शेल्फभर रोपं वाढतात. मात्र तुमचं रोप अंधाराला सरावलंय, त्याला एकदम दुपारच्या उन्हात काढू नका. आठवडाभरात हळूहळू न्या.

बरणीतून ते बाहेर काढा, आजच. विकणारे टेरॅरियमचं चित्र दाखवतात म्हणून लोक बरणी आणतात. बंद काचेत हवा खेळत नाही, करडी बुरशी येते, आणि ती बरणी चुकून उन्हात राहिली तर रोप अक्षरशः शिजतं. केपेन्सिसला ४०-५० टक्के आर्द्रता चालते. नुकतंच बरणीतून निघालेलं रोप मात्र कोरड्या हवेला बिचकतं, म्हणून भोकं पाडलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा ग्लास आठवडा-दोन आठवडे त्यावर पालथा ठेवा आणि रोज थोडा जास्त वेळ काढत जा. कुरियरने आलेल्या कुठल्याही नव्या ड्रॉसेराला हेच करायचं. प्रवासात दव जातंच, त्यात काळजीचं काही नाही.

जुन्या पानांवर दव परत येईल ही आशा सोडा. बघायचं ते गाभ्यातून उलगडणारं नवं पान. पाणी, माती, उजेड जमलं की तीन-चार आठवड्यांत थेंबांसकट पान यायला लागतं. जुनी पानं पूर्ण वाळली की कापा, त्याआधी नको. आणि समजा गाभाच मेला, तरी कुंडी फेकू नका. केपेन्सिस मुळांपासून पुन्हा फुटतं. ओलसर आणि उजेडात ठेवलेल्या ‘मेलेल्या’ कुंडीतून महिन्या-दीड महिन्याने कोंब वर येताना मी पुष्कळदा पाहिलेत.

खाऊ घालणं हा यातला सगळ्यात गमतीचा आणि सगळ्यात कमी गरजेचा भाग. तुम्ही माशी ठेवता ती या रोपाच्या मानाने मोठी आहे. पानाला ती पचायच्या आत कुजते, तिच्यावर बुरशी येते आणि पान काळं पडतं. तुमच्या तपकिरी टोकांत या माशीचाही हात असावा. कीटक पानाच्या रुंदीपेक्षा लहान हवा: चिलटं, फळमाशा. ते न मिळाले तर मत्स्यालयाच्या दुकानातले सुके ब्लडवर्म्स किंवा फायटर माशाच्या खाद्याचा दाणा चुरून, पाण्याच्या थेंबात भिजवून, दातकोरणीच्या टोकाने खसखशीएवढा तुकडा पानावर ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, दोन-तीन पानांवर, बस. पण ज्या पानावर दव नाही त्याला काही देऊ नका. चिकट थेंबच नाही तर पाचकरस कुठून येणार? पनीर, चिकन, साखर यांचे प्रयोग मुलांना करू देऊ नका, सगळं सडतं.

एकदा भिंग घेऊन बघाच. चिलट दोन-तीन केसांना चिकटतं, सुटायच्या धडपडीत आणखी चारांना लागतं. काही मिनिटांत शेजारचे केस त्याच्याकडे वाकायला लागतात. मग खुद्द पान दुमडू लागतं आणि काही तासांत चिलटाभोवती वेटोळं होतं. पुढचे काही दिवस ते तसंच गुंडाळलेलं असतं, उलगडतं तेव्हा आत फक्त काळं टरफल. केसांची ही संवेदना किती तीक्ष्ण आहे हे चार्ल्स डार्विनने मोजून ठेवलंय: ०.०००८२२ मिलिग्रॅम वजनाच्या, माणसाच्या केसाच्या तुकड्यानेही एक तंतू वाकला, आणि पाण्याचे थेंब पडूनही तो ढिम्म राहिला. ते सोयीचंच आहे, नाहीतर पावसात बिचाऱ्याची रोज फसगत झाली असती. त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, १८७८ मध्ये दाखवलं की खाऊ घातलेल्या ड्रॉसेरांना न घातलेल्यांपेक्षा बी जास्त येतं. म्हणजे खाणं वाढवतं, पण जगवतं ते पाणी आणि ऊन.

डासांचं विचारलंत. नाही, कमी होत नाहीत. एखादा डास अडकतोही, पण ड्रॉसेरा त्याला बोलावून घेत नाही, तो चुकून आला तर धरतो. स्वयंपाकघरातल्या केळ्यांवरच्या फळमाशा आणि कुंड्यांच्या ओल्या मातीतली काळी चिलटं मात्र छान आटोक्यात येतात. डासांसाठी जाळी लावा.

कीड या झाडांनाही लागते, हे ऐकून लोकांना हसू येतं. गाभ्यात मावा शिरतो, तिथे अजून चिकट दव तयार झालेलं नसतं. नवी पानं वाकडी, मुरडलेली यायला लागली की मावा शोधा. औषध फवारू नका, साबणपाणी आणि निंबोळी तेलाने दव धुऊन जातं आणि केसही करपतात. अख्खी कुंडी शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून एक-दोन दिवस ठेवायची. मावा गुदमरून मरतो, ड्रॉसेरा नाही. आठवड्याने एकदा पुन्हा. कुंडीकडे मुंग्यांची रांग लागली असेल तर समजा की मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेच.

पुण्याचा एप्रिल-मे थोडा कठीण. पानांना ३८-४० अंश एक वेळ चालतात, पण उन्हात तापलेल्या काळ्या कुंडीत मुळं उकडतात. पश्चिमेची खिडकी टाळा, कुंडी एका मोठ्या पांढऱ्या कुंडीत बसवा. जूनमध्ये खुशाल गॅलरीत काढा. मुसळधार सरीत दव धुतलं जाईल, उघडीप मिळाली की एक-दोन दिवसांत परत येईल, आणि फुकटचं पाणी मुळं धुऊन काढेल.

पुढचं रोप घ्याल तेव्हा ड्रॉसेरा स्पॅच्युलाटा घ्या, ते केपेन्सिसइतकंच सोशिक आणि तळहाताहून लहान. उजेड कमीच असेल तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधलं अडेली. रोटुंडिफोलिया किंवा फिलिफॉर्मिस कितीही सुंदर दिसले तरी नको, त्यांना हिवाळ्यात खरी थंडी आणि झोप लागते, ती आपण देऊ शकत नाही. भडक निळ्या सापळ्यांच्या मांसाहारी झाडांची बियाणी विकणाऱ्या जाहिराती बघून पुढे चला, तसलं काही नसतं. आणि कासवरून किंवा सड्यावरून रोप उपटून आणायचा विचार कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. कासचं पठार राखीव वनक्षेत्र आहे, पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथलं काही उचलणं गुन्हा आहे. शिवाय बर्मानी आणि इंडिका मुळात वर्षायू; बी धरलं की मरतात, त्यामुळे आणलेलं रोप घरी महिनाभरही टिकत नाही.

बर्मानी घरी हवंच असेल तर लागवड केलेल्या रोपांचं बी रोपं वाढवणाऱ्या हौशी लोकांकडे मिळतं. ते धुळीइतकं बारीक असतं. ओल्या पीटवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, कारण रुजायला उजेड लागतो. वर प्लॅस्टिकचा कागद ताणून दिव्याखाली ठेवलं की दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. मोठं झाल्यावर त्याच्या कडेच्या लांब केसांवर लक्ष ठेवा. केपेन्सिस जे काही मिनिटांत करतं ते बर्मानीचे हे केस सेकंदांत करतात, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतक्या झटक्याने. आणि फुलोरा आला की बी वाळेपर्यंत थांबून कागदावर झाडून घ्या, पुढच्या वर्षीची रोपं त्यातूनच करायची असतात.